साच्यावरचे कान

टीव्हीतलं घड्याळ टिकटिकायचं थांबलं आणि खोलीतली चाळीसएक डोकी एकदम मागे वळली. वळलं नाही ते फक्त दत्तारामचं. चित्र स्वच्छ चाललं होतं. लंबक हलत होता, पांढऱ्या गाऊनमधली बाई जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून वर बघत होती, गेला होता तो नुसता आवाज. दाराशी बसलेली सोनूबाई म्हणाली, "आवाज गेला वाटतं रं, धोंडू." दत्ताराम दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान जराशी पुढे काढून त्या बाईकडे बघतच राहिला. शेजारी बसलेल्या हेरंबला आधी बरं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा हा गडी आपल्या पसंतीच्या पिक्चरमध्ये इतका रंगला, असं त्याच्या मनात आलं. मग मागून "आवाज, आवाज" असा गिल्ला झाला तेव्हा दत्तारामने मान वळवली, पण मागे व्हिडिओपाशी बसलेल्या धोंडूकडे नाही. त्याने एकाच्या तोंडाकडे बघितलं, मग दुसऱ्याच्या, मग सोनूबाईच्या, आणि नेहमीच्या भांडल्यासारख्या सुरात हेरंबला विचारलं, "काय झालं रे?"

"आवाज गेलाय."

"कधी?" दत्ताराम म्हणाला.

त्या एका शब्दाने हेरंब चपापला. अंधारात पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं.

तसा अंधारही पुरता नव्हता. रविवारची दुपार, अडीच-पावणेतीन. लालबागच्या चाळीतली तळमजल्यावरची मंडळाची खोली, खिडक्यांना गणपतीतल्या सतरंज्या लावलेल्या, आणि सतरंज्यांच्या भोकांतून उन्हाचे बारीक ठिपके लोकांच्या पाठींवर पडलेले. संप सुरू झाल्यावर दुसऱ्या वर्षी धोंडूने व्हिडिओचा हा उद्योग काढला होता. टीव्हीचा आवाज पुरत नाही म्हणून मंडळाचा मोठा स्पीकर जोडलेला. त्याच्याच वायरीत कोणाचा तरी पाय अडकला होता. संपाला आता तीन वर्षं होऊन गेली होती. संप संपला असं कोणी म्हटलं नव्हतं, नुसतं त्याबद्दल बोलणं कमी झालं होतं. दत्तारामच्या गिरणीने काहींना परत घेतलं, त्याला नाही. परवा तो बायकोला, रखमाला, आणि ट्रंका घेऊन कुडाळकडे निघणार होता, कायमचाच. म्हणून आजचा पिक्चर. कुठला लावायचा असं धोंडूने विचारलं तेव्हा दत्तारामने हेरंबकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "आज ह्याच्या पसंतीचा. जाताना एकदा ह्याचं ऐकतो." ऐकतो, असंच तो म्हणाला होता. हेरंबला तो शब्द आता आठवला आणि नको झाला.

भुताखेतांच्या, मुडद्यांच्या, खुनाच्या पिक्चरांचे शौकीन म्हणजे बाहेरच्यांना सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. आतल्यांना विचारा. भजनी मंडळींत नसतील इतके पंथ त्यांच्यात असतात. दत्तारामला रक्त लागायचं. बेसुमार, बादलीभर. हात गोळा करत हिंडणाऱ्या डॉक्टरचा एक पिक्चर त्याने पाच वेळा पाहिला होता आणि कुठला हात मनगटापासून आणि कुठला कोपरापासून, हे त्याला पाठ होतं. हेरंबला असलं काही बघवायचं नाही. इंजेक्शनच्या सुईकडेही न बघणारा माणूस तो. त्याला हवं असायचं रिकामं घर, लांब कुठेतरी करकरलेलं दार, माडीवर टेबल सरकल्यासारखा एक आवाज आणि मग काहीच नाही. दाखवलं की भीती गेली, असं त्याचं ठाम मत होतं, आणि ते तो नाकाने कांदे सोलत सांगायचा. सोनूबाईचा पंथ तिसराच. तिला भुताची तक्रार काय आहे ते कळायला हवं. "कुणी मारली तिला, का मारली, ते आधी सांग. उगा मारत सुटलेलं भूत काय कामाचं?" असं ती म्हणायची. दिवसभर बाजारात सुरमईचे तुकडे करणारी ही बाई पडद्यावर बोट कापलं तरी पदर डोळ्यांवर ओढून घ्यायची आणि दत्ताराम तिची टिंगल करायचा.

पहिली भेट गिरगावातल्या एका थिएटरात, सकाळच्या खेळाला. हेरंब तेव्हा विमा कंपनीत नुकताच चिकटलेला, अजून लग्न व्हायचं होतं. इंग्रजी पिक्चर होता, इंग्रजी कळणारी माणसं बाल्कनीत चार, आणि खाली तो आणि हा रुंद पाठीचा माणूस. पडद्यावर मान उडाली तेव्हा हेरंबने डोळे मिटले, आणि शेजारून हसू ऐकू आलं. चेष्टेचं हसू नव्हतं ते; बऱ्याच वेळाने खुर्ची मिळालेल्या माणसासारखं होतं. "हा रंग आहे," त्या माणसाने सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला धीर दिला. "खरं रक्त असं लाल नसतं. तेलावर पडलं की काळं दिसतं." बाहेर चहा पिताना कळलं की हा परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर असतो. सुताची कांडी घेऊन साच्यात इकडून तिकडे धावणारा जो धोटा असतो, लाकडाचा, टोकाला लोखंड, तो एकदा उडाला आणि शेजारच्या साच्यावरच्या वसंतच्या डोळ्यात गेला. ते त्याने पाहिलं होतं. "पिक्चरमधलं रक्त बरं," तो म्हणाला होता. "कुणाचं नसतं." हेरंबला ते वाक्य त्या वेळी फार आवडलं होतं आणि पुढे आपली वर्षानुवर्षांची भांडणं जिंकण्यासाठी तो ते सोयीस्कर विसरला होता.

कारण भांडणं व्हायचीच. दत्ताराम हेरंबच्या पिक्चरांना यायचा, कधी नाही म्हणाला नाही, पण बसायचा कसा? पडद्याकडे थोडा वेळ बघायचा आणि मग हेरंबकडे. ऐन मोक्याला, दार करकरणार, श्वास रोखलेला, आणि हा शेजारून आपल्याच चेहऱ्याकडे टक लावून बघतोय. हेरंबला त्याचा भयंकर राग यायचा. माणसाला संगीत कळत नसलं म्हणजे तो गवयाच्या हातवाऱ्यांकडे बघत बसतो, त्यातलाच हा प्रकार, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. हेरंब दचकला की मग दत्ताराम दचकायचा. किंचित उशिराने. "भीती वाटली?" असं बाहेर आल्यावर विचारलं की म्हणायचा, "वाटली तर." आणि हेरंबला कळायचं की हा खोटं बोलतोय, आणि का बोलतोय ते कळायचं नाही. आता कळलं. खोलीभर लोक धोंडूच्या नावाने ओरडत होते, दत्ताराम एकेकाचं तोंड बघत मिस्कील हसत होता, आणि हेरंबला अकरा वर्षांची ती सगळी करकरती दारं, जिने, श्वास, टेबलं एकामागून एक मुकी होताना दिसली. हा माणूस अकरा वर्षं त्याच्या शेजारी बसून रिकाम्या घरांची चित्रं बघत आला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. लालबागमध्ये शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

आणि मग दुसरी आठवण आली, जिच्यापासून तो एवढा वेळ अंग चोरत होता. सरोजिनी. तिच्याशी हेरंबचं लग्न झाल्यावर दत्ताराम पहिल्यांदा गिरगावात घरी जेवायला आला होता. हेरंबचे वडील तात्या तेव्हा होते. त्यांनी हळू आवाजात दोन-तीनदा काही विचारलं आणि दत्तारामने भलतंच उत्तर दिलं, तेही ओरडून. शेजारच्या कालिंदीबाई दारातून डोकावून गेल्या. "तुमचे मित्र सदा भांडल्यासारखेच बोलतात का हो?" सरोजिनीने आत विचारलं होतं, हसत, पण विचारलं होतं. जेवणं झाल्यावर पिक्चरवरून वाद निघाला. हेरंबने आपल्या एका लाडक्या पिक्चरमधला तो प्रसंग रंगवून सांगितला, नुसत्या पावलांच्या आवाजाचा, आणि दत्ताराम म्हणाला, "त्यात काय आहे? बाई उभी राहते आणि रडते." हेरंब तेव्हा खिडकीशी होता, सरोजिनी मोरीच्या दाराशी, दत्ताराम खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाटावर. हेरंबने आवाज अगदी खाली आणून, जवळजवळ नुसते ओठ हलवून बायकोला म्हटलं होतं, "गाढवाला गुळाची चव काय." सरोजिनी हसू दाबत आत गेली. दत्ताराम पानाला चुना लावत होता. त्याने वर बघितलं होतं, की आधीपासूनच बघत होता? हेरंबला ते आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की तो सुपारी कातरत म्हणाला, "वहिनी, कोलंबीचं कालवण झकास." त्यानंतरही कितीतरी वेळा, थिएटरात, ऑफिसातल्या मित्रांबरोबर, दत्तारामच्या समोर पण कानाआड, तो हीच म्हण वापरत आला होता. त्याला ती सवयच लागली होती.

धोंडूने जाहीर केलं की वायर तुटली आहे, दहा मिनिटं लागतील, ज्याला चहा प्यायचाय त्याने प्यावा. दोघे बाहेर येऊन चाळीच्या ओट्यावर बसले. ऊन होतं, रस्त्यापलीकडच्या भिंतीवर संपाच्या जुन्या घोषणा उन्हाने फिकट झाल्या होत्या, कोणीतरी त्यांच्यावर लॉटरीची जाहिरात चिकटवली होती. हेरंबने कटिंगचा ग्लास हातात फिरवला. विचारायचं कसं? ऑफिसात त्याच्या टेबलावरून माणसांच्या तुटल्या बोटांचे, गेल्या डोळ्यांचे कागद जायचे, ते तो बिनदिक्कत वाचायचा. इथे एक वाक्य जिभेवर येईना.

"तुला ऐकू येत नाही," तो शेवटी म्हणाला. प्रश्न नव्हताच तो.

दत्ताराम त्याच्या ओठांकडे बघत होता. आता हेरंबला ते दिसलं; आजवर त्याला वाटायचं की हा आपल्या डोळ्यांत बघतो.

"येतं की. मोठं येतं. किंकाळी येते, पोलिसाची शिटी येते. बारीक नाय येत." त्याने चहाचा घोट घेतला. "सतरा वर्षं साच्यावर होतो. साच्यावाल्याचे कान म्हणजे काय, सगळ्यांनाच माहीत असतं. तुला नव्हतं माहीत?"

"नाही."

"काय सांगतोस? अकरा वर्षं?"

"तू कधी बोलला नाहीस."

"त्यात बोलायचं काय? तुझ्या नाकावर चष्मा आहे, तू कधी बोललास?" तो हसला. मग जरा विचारात पडला. "म्हणजे तुझ्या त्या पिक्चरांत आवाज असतात?"

हेरंबने मान डोलावली.

"कसले?"

"दार करकरतं. वर कोणीतरी चालतं. दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. म्हणून भीती वाटते."

दत्तारामने ग्लास ओट्यावर ठेवला. "साला," तो म्हणाला. "मला वाटायचं, तुला रिकामी घरं बघायला आवडतात. गिरगावात एका खोलीत सहा माणसं, म्हणून मोठी घरं बघायला जातो बिचारा, असं रखमाला मी सांगितलंय."

हेरंबला हसू आलं. म्हणजे तिकडेही त्याच्याबद्दल एक समजूत करून ठेवलेली होती, त्याच्या समजुतीपेक्षा पुष्कळ मायेची. दत्ताराम पुढे सांगत होता, उगाचच, वेळ जावा म्हणून. साचेखात्यात पाचशे साचे एकदम चालायचे. कानाशी तोंड लावून ओरडलं तरी उपयोग नसायचा. मग ओठांवर बोलायचं. लांबच्या साच्यावरचा माणूस ओठ हलवून सांगायचा, मुलगी झाली, किंवा जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय, किंवा आईवरून शिवी, आणि चाळीस हातांवरून सगळं कळायचं. संप झाला तेव्हा त्याला वाटलं होतं की आता कान जरा मोकळे होतील. पण साचे बंद झाले ते गिरणीत. "इथे चालूच आहेत," त्याने कानामागे बोट लावलं. "तू म्हणतोस ना शांत, शांत. तसलं शांत मला कधी मिळतच नाय. तुझी ती बाई जिन्यात उभी असते तेव्हापण माझ्याकडे साचे चालू. रक्त आलं की मी तिकडे बघतो आणि जरा वेळ विसरतो."

चाळीस हातांवरून. हेरंबने गिरगावातल्या आपल्या खोलीची लांबी मनातल्या मनात मोजली. खिडकीपासून पाटापर्यंत आठ हात, फार तर नऊ. परवा हा माणूस जाणार. पत्र लिहिणाऱ्यांतला तो नाही, आणि हेरंबही रजा काढून कुडाळला जाणाऱ्यांतला नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. जे काय व्हायचं ते ह्या ओट्यावर, ह्या अर्ध्या ग्लासात. न विचारता गेलो तर तो प्रश्न जन्मभर उरावर राहील, आणि विचारलं आणि त्याला खरंच माहीत नसलं तर आपणच त्याच्या हातात ती म्हण ठेवून त्याला गावी पाठवल्यासारखं होईल. हेरंबला लाज वाटत होती, आणि त्या लाजेतही आपण सुटायची वाट शोधतोय ह्याची वेगळी लाज वाटत होती.

"तू घरी जेवायला आला होतास," तो म्हणाला. "पहिल्यांदा. सरोजिनीशी मी काहीतरी बोललो होतो."

"गुळाचं?" दत्ताराम म्हणाला.

रस्त्यावरून हातगाडी गेली. 

"पहिल्यापासून कळतं," दत्ताराम म्हणाला. आवाज नेहमीसारखाच मोठा, ओट्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी वळून बघण्याइतका. "ऑफिसवाल्यांना सांगायचास तेपण. वाईट वाटलं होतं एकदा-दोनदा. खोटं कशाला बोलू?"

"मग येत कशाला राहिलास?"

"पिक्चर बघायला," दत्ताराम म्हणाला, आणि हे एवढंही ह्याला कळू नये ह्याचं त्याला नवल वाटल्यासारखं दिसलं. "दुसरं कोण येतं माझ्यासोबत? वसंतला एका डोळ्याने पडदा धड दिसत नाय. आणि गाढव तर गाढव, त्यात काय. पण एक आहे. गूळ आहे कसला ते मला अजून कळलेलं नाय."

आतून धोंडूने हाक मारली. हेरंबच्या ओठांवर काही शब्द आले होते, माफीचे असावेत. पण तोंडाने आवाज करून ते म्हणणं आता फार सोपं, फार गिरगावातलं वाटायला लागलं. तो उठला आणि आत जाऊन पूर्वीच्या जागी न बसता जरा पुढे, टीव्हीच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून बसला. पडद्याचा निळसर उजेड त्याच्या तोंडावर पडत होता. समोर दत्ताराम. त्याला बघायला अर्धा पडदा, अर्धा हेरंब.

आवाज आला. लोक निवांत झाले. हेरंबने ओठ हलवले, घशातून काहीही न काढता. घड्याळ, तो म्हणाला. टिक. टिक. दत्तारामच्या भुवया वर गेल्या. हेरंबला वाटलं होतं की हे सोपं असेल. जे ऐकू येतं ते सांगायचं, बस. पण वर काहीतरी वाजलं आणि ते काय वाजलं हे त्याला सांगता येईना. लाकूड होतं की पाऊल? हा पिक्चर त्याने चार वेळा पाहिला होता आणि प्रत्येक वेळी नुसता घाबरला होता. आपण कशाला घाबरतो ते त्याने कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. त्याने डोळे मिटले. पाऊल, त्याने ओठांनी सांगितलं. अनवाणी. मग थांबून, आता नाही. बाई वर बघत होती. घड्याळ थांबलं, तो म्हणाला. ह्या वेळी ते पिक्चरमध्येच थांबलं होतं, आणि दत्तारामने त्याच्या ओठांवरून नजर काढून लंबकाकडे बघितलं, पुन्हा ओठांकडे. हेरंबला स्वतःच्या मानेवरचे केस उभे राहिलेले जाणवले. इतक्या हळू, इतकं एकेक करून त्याने कधी भीती हाताळली नव्हती. वरच्या पायरीवर काहीतरी टेकल्यासारखा, जेमतेम ऐकू येणारा आवाज झाला. आणखी एक पायरी. जिन्यावर कोणीतरी आहे, हेरंब म्हणाला.

दत्तारामने गर्रकन मान वळवली. पडद्याकडे नाही, मागे, दाराकडे, जिथून चाळीचा खराखुरा लाकडी जिना वर जात होता आणि सतरंजीच्या फटीतून दुपारचं ऊन आत येत होतं. तिथे कोणीच नव्हतं. तो तसाच बघत राहिला. मग तो पुढे सरकला आणि त्याने हेरंबचं मनगट धरलं. साच्यावरच्या माणसाची ती जाड, कोरडी बोटं आता ओलसर झाली होती.

"कोण?" तो म्हणाला, आपल्या त्या भांडल्यासारख्या आवाजात.

सोनूबाई जागच्या जागी उडाली. "मेल्या दत्ताराम, जीव गेला असता ना माझा," ती म्हणाली, आणि सगळी खोली हसली. दत्ताराम हसला नाही. त्याने मनगट सोडलं नाही. पिक्चर संपेपर्यंत जिन्यावर कोण होतं ते दाखवलं नाही. पावलं खाली उतरत आली, हेरंब मोजत राहिला, आणि शेवटच्या पायरीला पडदा काळा झाला.

लोकांनी उठायला सुरुवात केली. "कोण होतं ते सांगितलंच नाय," सोनूबाई धोंडूशी भांडत होती, "हे काय पिक्चर झालं?" कोणी चपला शोधत होतं, कोणी पुढच्या रविवारी मारामारीचा लावा म्हणून सांगत होतं, खिडक्या उघडल्या गेल्या आणि उजेडाने सगळ्यांचे डोळे दिपले. त्या गलक्यात दत्ताराम खोलीच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन सतरंजी काढत होता. तिचं एक टोक हातात धरून तो थांबला, हेरंबकडे बघितलं आणि ओठ हलवले. हेरंबला कळलं नाही. त्याने मान हलवून तसं सांगितलं. दत्तारामने पुन्हा ओठ हलवले, सावकाश, खात्यात नव्याने आलेल्या बदली कामगाराला शिकवावं तसे.

गूळ, तो म्हणत होता. गोड आहे.

हेरंबने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि लोकांमधून वाट काढत जाऊन सतरंजीचं दुसरं टोक धरलं.